ऑसिलेटर किटचा सूर जुळवण्यापूर्वी: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या ऑसिलेटरचे, म्हणजे सिंथेसायझरमध्ये सूर निर्माण करणाऱ्या मॉड्यूलचे, किट स्वतः जोडणाऱ्या ग्राहकांकडून उन्हाळ्यात एकच तक्रार वारंवार येते: रात्री सूर चोख जुळवला होता, सकाळी वरचे सप्तक बेसूर लागते. अशी मॉड्यूल कुरिअरने परत येतात, आम्ही ती अर्धा तास चालू ठेवून पुन्हा जुळवतो आणि बहुतेकांत एकही भाग बदलावा लागत नाही. ही ये-जा टळावी म्हणून हे पत्रक किटसोबत देत आहोत. रिबन केबलची लाल कड −१२ व्होल्टच्या बाजूला येते, आयसी खाच पाहून बसवायची असते, एवढे आपणास ठाऊक आहे असे आम्ही धरून चालतो.

नियंत्रणाचे व्होल्टेज १ व्होल्टने वाढले की कंप्रता दुप्पट व्हावी, म्हणजे सूर बरोबर एक सप्तक चढावा, अशी या यंत्रांची रीत आहे. हे दुप्पट होणे ट्रान्झिस्टरच्या गुणधर्मावर अवलंबून असते: खोलीच्या तापमानाला त्याच्या बेसवरचे व्होल्टेज सुमारे १८ मिलिव्होल्टने वाढले की प्रवाह दुप्पट होतो. पण तापमान १ अंशाने बदलले की तेवढ्याच प्रवाहासाठी लागणारे व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्टने सरकते आणि १८ मध्ये २ चा फरक म्हणजे हार्मोनियमच्या एका पट्टीहून अधिक. म्हणूनच किटमध्ये दोन जुळे ट्रान्झिस्टर दिलेले असून ते सपाट बाजू एकमेकींना चिकटवून बसवायचे असतात. दोघांचे तापमान एक राहिले तर एकाचे सरकणे दुसरा खोडून काढतो. त्यानंतरही १८ मिलिव्होल्टचा तो आकडा स्वतःच दर अंशाला सुमारे ०.३३ टक्क्याने बदलत राहतो. त्याची भरपाई करण्यासाठी ३३०० पीपीएमचा (दर अंशाला दशलक्षात ३३०० भाग, म्हणजे तेच ०.३३ टक्के) टेम्पको, म्हणजे तापमानाबरोबर ठरलेल्या प्रमाणात रोध बदलणारा, रजिस्टर असतो आणि तो जोडीला प्रत्यक्ष टेकलेला असावा लागतो. तो नसेल, किंवा जोडीपासून दूर उभा राहिला असेल, तर १० अंशांच्या फरकाने तीन सप्तकांवर एका पट्टीहून जास्त चूक पडते. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि कूलरच्या खोलीत त्याहून बरेच कमी तापमान असते, हे लक्षात घेतले की ही चूक किती सहज घडते ते कळेल.

खरी अडचण पुढे आहे. शेवटचा टाका दिला की आवाज ऐकण्याची घाई होते. सोल्डरिंगची उष्णता बोर्डात अजून असते, वीज नुकतीच सुरू केलेली असते आणि कूलरचा झोत थेट टेबलावर येत असतो. त्या अवस्थेत जोडीतला एक ट्रान्झिस्टर दुसऱ्याहून किंचित गरम, टेम्पको तिसऱ्याच तापमानाला, आणि आपण मात्र ट्रिमर (बोर्डावरचा बारीक जुळवणीचा स्क्रू) फिरवून त्या क्षणापुरता सूर पक्का करता. बाहेरून आणलेला तानपुरा कोणी लगेच जुळवत नाही, तो खोलीत थोडा वेळ ठेवतात. आपल्या मॉड्यूललाही तोच वेळ द्यावा, ही आमची कळकळीची विनंती आहे. शंका असेल तर जोडीवर क्षणभर बोट टेकवून पाहावे: सूर सरकतो आणि हळूहळू परत येतो, म्हणजे दोष भागात नसून उष्णतेत आहे.

सोल्डरिंगनंतर बोर्ड पूर्ण निवू द्यावा, मॉड्यूल केसमध्ये बसवून किमान अर्धा तास चालू ठेवावे आणि कूलरचा झोत दुसरीकडे वळवावा. मग ० व्होल्टला पुढच्या नॉबने ११० हर्ट्झ लावावे, ३ व्होल्ट देऊन ८८० येतात का पाहावे, कमी-जास्त असल्यास स्केलचा ट्रिमर थोडा फिरवून पुन्हा खालच्या सुरावर यावे. ट्रिमर फिरवला की खालचा सूरही हलतो, त्यामुळे एकट्या ८८० च्या मागे लागू नये. दोन्ही सुरांत आठपट अंतर येईपर्यंत ही फेरी चार-पाच वेळा करावी लागते.

किट आधीच जुळवून का देत नाही, असेही विचारले जाते. आपल्या कीबोर्डचा १ व्होल्ट नेमका १ असतोच असे नाही, आणि न जोडलेले किट जुळवता येत नाही, ही त्याची कारणे आहेत. आमचे किट थोडे महाग वाटते ते टेम्पको आणि हाताने मोजून निवडलेल्या जोडीमुळे. साधा रजिस्टर टाकून किंमत उतरवणे आम्हाला पटत नाही. वेळ नसलेल्यांसाठी जोडून, दोन दिवस चालवून तपासलेली मॉड्यूलही आम्ही मागणीनुसार देतो, आणि जुन्या ऑसिलेटरसाठी टेम्पको सुटा मिळतो.

तरीही सूर ठरत नसेल तर दुकानात येताना मॉड्यूलबरोबर आपला पॉवर सप्लाय व कीबोर्डही आणावा. दोष आमच्या भागात निघाल्यास तो विनामूल्य बदलून मिळेल. केवळ जुळवणी असल्यास वेळेचे शुल्क घेतले जाईल, मात्र ती आपल्यासमोर आणि आपल्याच हातून करून घेतली जाईल.