राणीबाग: आधी झाडांची, मग प्राण्यांची

मुंबईतल्या भायखळ्याची राणीबाग म्हटलं की हल्ली तोंडात पहिला शब्द येतो तो पेंग्विन. पण हे प्राणिसंग्रहालय बागेत नंतर आलं आहे. बागेचा पूर्वज शिवडीला होता. तिथली जागा पुढे युरोपियनांच्या दफनभूमीसाठी गेली, झाडांसाठी माझगाव-भायखळ्याच्या बाजूला नवी जागा शोधली गेली आणि 1862 मध्ये तेव्हाच्या गव्हर्नरांच्या पत्नीच्या हस्ते नवी बाग उघडली. दहा वर्षांनी शेजारी वस्तुसंग्रहालय सुरू झालं, तेच आजचं भाऊ दाजी लाड संग्रहालय. पिंजऱ्यांसाठी जादा जमीन मिळाली ती 1890 च्या सुमारास.

शहराला नको झालेल्या किंवा कुठे ठेवायच्या ते न कळलेल्या वस्तूही इथेच येत गेल्या. घारापुरीचा दगडी हत्ती 1864 मध्ये विलायतेला नेताना मोडला. त्याचे तुकडे पुढे जोडून तो इथे उभा केला. काळा घोडाही, म्हणजे राजा सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा, 1965 मध्ये त्याच्या चौकातून उचलून इथे आणला. त्या चौकाचं नाव मात्र तसंच राहिलं.

खरा वाद 2007 नंतरचा. पालिकेने बागेच्या कायापालटाचा 400 कोटींच्या वरचा आराखडा काढला, सल्लागार परदेशी. त्याला विरोध केला तो झाडं ओळखणाऱ्या काही मुंबईकरांनी, आणि त्यात बायका पुढे होत्या. त्यांचा मुद्दा साधा होता: सुमारे 53 एकरांत 3,000 च्या आसपास झाडं आहेत, त्यांत गोरखचिंच, कैलासपती, उर्वशी असे वृक्ष, ही आधी वनस्पती उद्यान आहे आणि वारसा म्हणून तिची नोंदही आहे. मग काँक्रीट ओतायचं कुठे? पालिकेचं म्हणणंही अगदीच पोकळ नव्हतं. जुने पिंजरे खरोखरच लाजिरवाणे होते, प्राणी सिमेंटच्या खोल्यांत फेऱ्या मारत असत. शेवटी आराखडा आटोपशीर झाला. विरोध झाला नसता तर आज किती खोडं उभी असती, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

पेंग्विन आले ते या आटोपशीर आराखड्यातून. जुलै 2016 मध्ये सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन उतरले. त्याच वर्षी त्यांतला एक दगावला आणि महापालिकेची निवडणूक तोंडावर असल्याने पक्षी राहिला बाजूला, खडाजंगी राजकीय झाली. हा पक्षी पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचा, दक्षिण ध्रुवावरच्या बर्फातला नव्हे. तरी मुंबईच्या उकाड्यात त्याला वातानुकूलित काचघर लागणारच, आणि त्याचं बिल नागरिकांच्या खिशातून. मार्च 2017 मध्ये काचघर लोकांसाठी उघडलं. ऑगस्टपासून मोठ्यांचं 5 रुपयांचं तिकीट 50 रुपये झालं, आईवडील आणि दोन मुलं मिळून 100. गिरणगावातल्या कुटुंबांची ही फुकटाच्या मोलाची सहल होती, हे दरवाढीच्या चर्चेत फारसं कुणी बोललं नाही. गर्दी मात्र वाढली, उत्पन्न लाखांतून कोटींत गेलं, आणि त्या आकड्यांपुढे झाडांची बाजू लंगडी पडली. 2020 मध्ये औरंगाबादहून वाघाची जोडी आली, पुढे पेंग्विनला पिल्लं झाली, आणि त्या पिल्लांची नावं मराठी हवीत यावरूनही वाद रंगला.

आता फाटकातून शिरलेली माणसं थेट काचघराकडे वळतात. झाडांसाठी जायचं असेल तर सकाळी लवकर जावं आणि खोडांवरच्या पाट्या वाचत फिरावं; उर्वशी फुललेली सापडली तर वेळ सत्कारणी. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं तिकीट वेगळं काढावं लागतं, आणि बुधवारी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात.