चित्रपटाचे सेट उभारणाऱ्या कामगारांची बांधकाम कामगार म्हणून नोंदणी : पात्रता, कागदपत्रे आणि नव्वद दिवसांचा हिशेब

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि तिकडे हल्याळपर्यंतच्या पट्ट्यात चित्रीकरणासाठी एखादा वाडा, गावाची वेस किंवा बाजारपेठ उभी करायची असली, की कला दिग्दर्शकाचा आराखडा ठेकेदाराच्या हातात पडतो आणि दहा-पंधरा दिवसांसाठी सुतार, गवंडी, वेल्डर, पेंटर व प्लास्टरचे साचेकाम करणारे कारागीर गोळा केले जातात. सेट उभा राहतो, चित्रीकरण होते, सेट उतरवला जातो आणि हीच माणसे दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी घरबांधणीच्या कामावर रुजू होतात. या माणसांपैकी अनेकांकडे बांधकाम कामगाराचे ओळखपत्र नसते. ते पात्र नसतात म्हणून नव्हे, तर त्यांच्या कामाचे दिवस कागदावर कुणी उतरवलेलेच नसतात म्हणून. अशा टोळ्यांची हजेरी सांभाळण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे आणि नोंदणीची सारी वाट मला या एका गोष्टीपाशी अडलेली दिसते.

कर्नाटकात ही नोंदणी कर्नाटक इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे होते. पात्रतेच्या मुख्य अटी दोन आहेत : कामगाराने वयाची १८ वर्षे पूर्ण केलेली असावीत व ६० वर्षे पूर्ण झालेली नसावीत आणि मागील १२ महिन्यांत त्याने किमान ९० दिवस बांधकामाचे काम केलेले असावे. या अटी १९९६च्या केंद्रीय कायद्यात होत्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे, अमलात आल्या, तरी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये वयाची आणि ९० दिवसांची अट तशीच ठेवलेली आहे. त्यामुळे ‘कायदा बदलला, आता जुनी नोंद चालणार नाही’ असे कुणी सांगितल्यास त्यावर विसंबून कामगारांनी थांबून राहू नये.

सेटवरचे काम बांधकाम ठरते का, हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. कायद्याच्या व्याख्येत इमारती, रस्ते, पूल, मनोरे इत्यादींची उभारणी, दुरुस्ती, देखभाल आणि पाडकाम येते. चित्रपटाचा सेट हा शब्द तिथे नाही. लाकडी फळ्या, प्लाय आणि कापडावर उभी केलेली भिंत इमारत मानायची की नाही, याचा निर्णय शेवटी नोंदणी अधिकाऱ्याच्या समजुतीवर जातो. म्हणून माझा आग्रह असा, की ज्या सुताराने वा गवंड्याने वर्षभरात घरांच्या, शाळाखोल्यांच्या किंवा गटारांच्या कामावर दिवस भरले आहेत, त्याने अर्जात ते दिवस आधी मांडावेत. सेटवर पाया खणणे, विटांचे बांधकाम, लोखंडी सांगाडा जोडणे असे काम झाले असल्यास ते कामाच्या नेमक्या वर्णनासह त्यापुढे जोडावे. ‘शूटिंगचे काम’ एवढेच लिहिलेले प्रमाणपत्र अधिकाऱ्याला काहीच सांगत नाही. ‘विटांच्या जोत्याचे बांधकाम, १४ दिवस’ हे सांगते.

आता नव्वद दिवसांविषयी. हे दिवस सलग असण्याची गरज नाही आणि ते एकाच ठेकेदाराकडे भरलेले असण्याचीही गरज नाही. प्रमाणपत्र मालक किंवा ठेकेदार देऊ शकतो, नोंदणीकृत कामगार संघटना देऊ शकते, कामगार खात्याचा अधिकारी वा निरीक्षक देऊ शकतो आणि खेड्यातील कामगाराला ग्रामपंचायतीचा विकास अधिकारी किंवा सचिवही देऊ शकतो. यासाठी मंडळाचे ठरावीक नमुने आहेत. हे वाचायला सोपे वाटते. परंतु जांबोटीच्या बाजूला लावलेल्या एका सेटवर माझ्या टोळीत एक पेंटर होता, ज्याने त्या वर्षी एकशे बारा दिवस काम केले होते आणि कागदावर त्याचे फक्त एकाहत्तर दिवस निघाले. बाकीचे दिवस ज्या ठेकेदाराकडे भरले होते, तो शेवटच्या आठवड्याची मजुरी फोनवरून पाठवून निघून गेला आणि नंतर त्याने सही करायला कधीच वेळ दिला नाही. मी त्या दिवसांची वही ठेवली होती, पण पावसात भिजून तिची पाने एकमेकांना चिकटली होती आणि पेनाच्या शाईचे निळे डाग तेवढे उरले होते. तेव्हापासून मी हजेरी सुताराच्या पेन्सिलीने लिहितो, वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो आणि दर शनिवारी पानाचा फोटो काढून प्रत्येक कामगाराच्या मोबाइलवर पाठवतो.

हजेरीच्या पानावर तारीख, गावाचे नाव, कामाचा प्रकार, रोजाचा दर, दिलेली उचल आणि कामगाराची सही किंवा अंगठा एवढे असावे. खाली ठेकेदाराचे पूर्ण नाव, पत्ता व सही हवी. मजुरी बँक खात्यात जमा होत असेल, तर पासबुकातील त्या नोंदी या पानांना भक्कम आधार देतात. न केलेल्या दिवसांचे प्रमाणपत्र मात्र कुणीही, कितीही ओळखीतला असला तरी, देऊ नये. राज्यात बोगस कार्डे शोधून ती रद्द करण्याची कारवाई झालेली आहे आणि तिचा पहिला फटका बसतो तो खऱ्या कामगाराला, कारण त्यानंतर त्याच्याकडेही संशयाने पाहिले जाते.

कागदपत्रांत आधार कार्ड, आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक, स्वतःच्या नावाचे बँक पासबुक, छायाचित्र, रेशनकार्ड, वयाचा पुरावा, ९० दिवसांचे प्रमाणपत्र आणि कुटुंबातील अवलंबितांचे व वारसाचे तपशील लागतात. सीमाभागात यातली खरी अडचण नावाची आहे. शाळेच्या मराठी दाखल्यावर ‘मारुती’, कानडीतल्या रेशनकार्डावर ‘मारुतेप्पा’, आधारवर इंग्रजी अक्षरांत तिसरेच काही आणि आडनाव एका ठिकाणी गावाचे तर दुसऱ्या ठिकाणी घराण्याचे, असे आपल्याकडे घरोघरी आढळते. यंत्रणा आधारवरील नाव प्रमाण धरते, म्हणून आधी आधार व पासबुकावरील नाव, जन्मतारीख आणि वडिलांचे नाव एकसारखे करून घ्यावे आणि मगच अर्ज भरावा. अर्ज कानडीत असतो. ज्यांना कानडी वाचता येत नाही, त्यांनी भरलेला प्रत्येक रकाना विश्वासातल्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यावा. व्यवसायाच्या रकान्यात सुताराऐवजी दुसरेच काही निवडले गेल्याने अर्ज अडकल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येतो. खेड्यात ‘ग्राम वन’ (Grama One) आणि बेळगावसारख्या शहरात ‘कर्नाटक वन’ (Karnataka One) या सरकारी सेवा केंद्रांतून मदत मिळते. पोचपावतीचा क्रमांक जपून ठेवावा. पडताळणीसाठी निरीक्षक दूरध्वनी करू शकतात किंवा कामाच्या ठिकाणी येऊ शकतात, तेव्हा टोळी चित्रीकरणाच्या ठिकाणी दूर असेल तर ते कुठे आहे हे स्पष्ट सांगावे. अर्ज नाकारला गेल्यास कारण लेखी मागावे.

दोन राज्यांचा प्रश्न आपल्या भागात रोजचा आहे. महाराष्ट्रातल्या शिनोळीचा किंवा तुडयेचा सुतार सकाळी बेळगावात कामाला येतो, तर निपाणीचा वेल्डर महिनाभर कोल्हापूरच्या चित्रनगरीत राहतो. गाव पंधरा-वीस किलोमीटरवर असले, तरी राज्य बदलले की तो कामगार आंतरराज्य स्थलांतरित ठरू शकतो आणि एखाद्या आस्थापनेत असे दहा किंवा अधिक कामगार असतील, तर त्यांच्याविषयीच्या विशेष तरतुदी लागू होतात. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये अशा बांधकाम कामगाराचे लाभ एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेता यावेत, अशी तरतूद आहे. मात्र एका वेळी एकाच राज्याच्या मंडळाकडे लाभार्थी म्हणून नाव ठेवावे. दोन्हीकडे नाव घालण्याचा मोह पुढे दोन्ही कार्डे गमावण्यास कारणीभूत होतो.

ज्यांचे वर्षभराचे काम केवळ सेटवरचे आहे, त्यांनी किमान ई-श्रम नोंदणी तरी करून घ्यावी. ती १६ ते ५९ वयोगटातील असंघटित कामगारांसाठी आहे, विनामूल्य आहे आणि तिच्यातून बारा अंकी क्रमांक मिळतो. याशिवाय वर उल्लेखिलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत दृक्श्राव्य कामगारांसाठी, म्हणजे चित्रपटासारख्या निर्मितीत काम करणाऱ्यांसाठी, लेखी कराराची तरतूद आहे. ठेकेदारामार्फत काम असेल, तर निर्मात्याने त्या ठेकेदाराशी करार करावयाचा असतो. टोळीच्या मुकादमाने काम स्वीकारण्यापूर्वी या कराराची प्रत मागून घ्यावी, कारण मजुरी, कामाचे दिवस आणि मालक कोण, हे तिन्ही त्यात एकाच ठिकाणी लिहिलेले असते.

कार्ड मिळाल्यावर नव्वद दिवसांचा हिशेब संपत नाही. नूतनीकरणाच्या वेळी तो पुन्हा दाखवावा लागतो आणि वर्षभरात तेवढे दिवस न भरल्यास लाभार्थीपण संपुष्टात येऊ शकते. कामावर झालेल्या अपघातामुळे घरी बसावे लागलेला काळ मात्र या गणनेत वगळला जातो, ही गोष्ट फार थोड्या कामगारांना ठाऊक असते. म्हणून परांचीवरून पडलेल्या माणसाचे दवाखान्याचे कागद फेकून देऊ नयेत. कार्ड नसले, तरी कामावरील अपघाताची भरपाई देण्याचे मालकाचे दायित्व त्यामुळे टळत नाही, हेही इथेच नोंदवतो. साठीनंतरच्या निवृत्तिवेतनासाठी त्याआधीची सलग तीन वर्षे लाभार्थी असणे महत्त्वाचे असल्याने, पंचावन्न-छप्पन्न वर्षांच्या कारागिरांचे अर्ज मी नेहमी सर्वांच्या आधी भरून घेतो.

पाडकामही बांधकामाच्या व्याख्येत येते, म्हणून सेट उतरवण्याचे दिवसही हजेरीत लिहावेत. ठेकेदाराची सही मात्र त्या दिवसांपर्यंत लांबवू नये. चित्रीकरणाचा शेवटचा दिवस संपला, की सामानाचा ट्रक भरू लागतो आणि अंधार पडेपर्यंत सही करणारा माणूस गाडीत बसून निघून गेलेला असतो. म्हणून चित्रीकरण चालू असतानाच, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, तोवरच्या दिवसांची प्रमाणपत्रे त्याच्यापुढे ठेवून सह्या घ्याव्यात आणि पाडकामाचे उरलेले दिवस वेगळ्या कागदावर मागाहून जोडावेत.