बायोडाट्याच्या पाकिटात ठेवलेला कागद

भोसरीतल्या आमच्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानातून बायोडाटा करून नेणाऱ्या प्रत्येकाच्या पाकिटात हा कागद असतो. पैसे पडत नाहीत. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेली, फार तर एक-दोन वर्षं कुठे काम केलेली मुलंमुली डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय. चाकणला, तळेगावला नाहीतर रांजणगावला मुलाखतीला निघाला असाल तर बसमध्ये वाचून होईल.

प्रश्नपत्रिका तुम्हीच टाइप करून घेता

बायोडाट्यातल्या कुठल्याही ओळीवर समोरचा माणूस बोट ठेवू शकतो. एका मुलाने मित्राच्या बायोडाट्यात होतं म्हणून आमच्याकडून ‘ऑटोकॅड’ (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) टाइप करून घेतलं. दोन दिवसांनी तीच ओळ काढायला परत आला. तेव्हापासून आम्ही टाइप करतानाच विचारतो, ‘हे येतं ना?’ राग मानू नका. छंदात ‘वाचन’ लिहिलंत तर शेवटचं काय वाचलं ते आठवून ठेवा. आठवत नसेल तर ती ओळ काढू, जागा वाचेल.

आज रात्री एवढंच करा: बायोडाटा समोर ठेवून प्रत्येक ओळीवर घरातल्या कुणाला तरी ‘म्हणजे काय?’ विचारायला सांगा. आई विचारेल ते सगळ्यात अवघड असतं, कारण तिला ‘सीएनसी ऑपरेट केलं’ म्हणून भागत नाही. कुठला जॉब (म्हणजे मशीनवर बनवायचा भाग), दिवसाला किती नग, माप कशाने घेत होतास, हे सांगावं लागतं. मुलाखतीत नेमकं हेच विचारतात.

फिटर, टर्नर, मशिनिस्ट आणि क्वालिटीवाल्यांना व्हर्नियर (बारीक माप घ्यायची सरकपट्टी) हातात देण्याची पद्धत आहे. लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिमी हे सगळ्यांना पाठ असतं, पण ते आलं कुठून, इथे गाडी अडते. व्हर्नियर पट्टीवर ४९ मिमीचे ५० भाग केलेले असतात. म्हणजे एक भाग ०.९८ मिमीचा. मुख्य पट्टीवरचा भाग १ मिमीचा; १ मधून ०.९८ गेले, राहिले ०.०२. मायक्रोमीटरमध्ये थिंबलचा (फिरवायच्या नळीचा) एक फेरा म्हणजे ०.५ मिमी, थिंबलवर भाग ५०, म्हणून ०.०१. ड्रॉइंगवर २५ ± ०.०५ आहे आणि जॉब २५.०६ भरला, तर तो रिजेक्ट. एम१० चा टॅप मारायचा (म्हणजे १० मिमीचे आटे पाडायचे) आणि पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.५ आहे, तर १० मधून १.५ गेले, ड्रिल ८.५ चं. तुमच्या ट्रेडचे असे दहा प्रश्न वहीत काढा, उत्तरासोबत कारणही लिहा. तरीही एखादं नाहीच आलं, तर ‘हे काम केलेलं नाही सर’ म्हणून मोकळे व्हा. ठोकून दिलेलं उत्तर सुपरवायझरला लगेच कळतं.

इंग्रजीचं दडपण घेऊ नका. ‘मराठीत सांगितलं तर चालेल का?’ असं सरळ विचारा. मध्ये वर्षभराचा गॅप असेल, केटी लागली (विषय मागे राहिला) असेल, घरची शेती बघितली असेल, तर एका वाक्यात खरं ते सांगा. जुन्या कंपनीची उणीदुणी मात्र काढू नका.

पगार विचारायला लाजू नका

‘सीटीसी’ (कंपनीला तुमच्यामागे पडणारा एकूण खर्च) आणि हातात येणारा पगार यांत बरंच अंतर असतं. समजा एकूण पगार १८,००० आणि त्यात बेसिक १२,०००. पीएफचे बेसिकच्या १२ टक्के म्हणजे १,४४० कापले जातात, ईएसआयचे (कामगार विम्याचे) एकूण पगाराच्या ०.७५ टक्के म्हणजे १३५, व्यवसाय कराचे २००. हातात १६,२२५. कंपनी स्वतःच्या वाट्याचे पीएफचे १,४४० आणि ईएसआयचे ५८५ धरून हाच पगार २०,०२५ म्हणून सांगू शकते. कँटीन, बस वेगळी. महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर लागत नाही, त्यामुळे मुलींनी ते २०० धरू नयेत. व्यवसाय कर फेब्रुवारीत ३०० कापतात, तेव्हा घाबरू नका.

आणखी एक गोष्ट आधीच विचारून घ्या: नाव कुणाच्या रोलवर (हजेरीपटावर) लागणार? कंपनीच्या, ठेकेदाराच्या की अप्रेंटिस म्हणून? हे नंतर कळलं की फार मनस्ताप होतो.

कागद आणि रस्ता

मूळ गुणपत्रिका दाखवायला न्या, ठेवून येऊ नका. झेरॉक्सवर सही करा आणि आधारच्या प्रतीवर आडवं लिहा: ‘फक्त नोकरीच्या अर्जासाठी’, खाली तारीख. शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार चालत असेल तर तेच द्या. बायोडाट्याच्या तळाशी ठिकाण, दिनांक आणि सही हे तिन्ही रिकामं ठेवून जाणारे आम्ही रोज बघतो. फोटो साध्या शर्टातला हवा, मित्राच्या वरातीतला कापून आणलेला नको. ईमेलमध्ये ‘किंग’, ‘डॉन’, ‘भाई’ असेल तर नवीन काढा, पाच मिनिटांचं काम आहे.

नोकरी लावतो म्हणून रजिस्ट्रेशनचे, युनिफॉर्मचे किंवा ‘सिक्युरिटी डिपॉझिट’चे पैसे व्हॉट्सॲपवर कुणी मागितले तर एक रुपयाही पाठवू नका.

चाकणच्या तळेगाव चौकात शिफ्ट सुटायच्या-भरायच्या वेळी काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. नकाशा चाळीस मिनिटं दाखवत असेल तर दीड तास धरा. गेटवर गेट पास बनतो, ओळखपत्र बघतात, मग आत चालत जायचं असतं. दहाची मुलाखत असेल तर साडेनऊला गेटवर असा. चप्पल नको, बूट घाला. शॉप फ्लोअरवर नेलं तर चपलेत आत सोडत नाहीत.

तुमची फाइल आमच्या कॉम्प्युटरवर सहा महिने राहते. त्या काळात एखादी ओळ बदलायची असेल तर फक्त प्रिंटचे पैसे घेतो. मोबाइल नंबर मात्र काउंटरवरून हलण्याआधी मोठ्याने वाचून बघा. एक आकडा चुकलेल्या पंधरा प्रती आम्हीच एकदा काढून दिल्या होत्या.