बँकांच्या संगणकीकरणाचा आराखडा कुणी आखला?

आज प्रत्येक बँकेच्या संचालक मंडळापुढे पुढच्या काही वर्षांचा तंत्रज्ञान आराखडा येतो. सरकारी बँकांच्या हाती मात्र तो बराच उशिरा आला.

1969च्या राष्ट्रीयीकरणानंतर शाखा वाढल्या, व्यवहार वाढले, पण लेजर, म्हणजे खातेवह्या, हातानेच लिहिल्या जात होत्या. बॅलन्सिंग जुळायचं नाही, शाखा-शाखांमधल्या नोंदी लोंबकळत राहायच्या. संगणक हवा हे दिसत होतं, पण नोकऱ्या जातील ही धास्तीही खरी होती. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कोलकात्यातल्या संगणकावरून मोठं आंदोलन पेटलं होतं. त्यामुळे सप्टेंबर 1983मध्ये आधी इंडियन बँक्स असोसिएशन ही बँकांची संघटना आणि कर्मचाऱ्यांच्या युनियन यांच्यात करार झाला. यंत्रं कुठल्या कामाला आणि किती लावायची, याची हद्द त्यात ठरली. बँकांच्या संगणकीकरणासाठी रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या सी. रंगराजन समितीचा 1984चा अहवाल आला तो या करारापाठोपाठ.

शाखांत मग एएलपीएम आली, म्हणजे लेजर पोस्टिंगची सुटी यंत्रं. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. दादरचा खातेदार फोर्टच्या शाखेत परकाच राहिला. याला नुसता तांत्रिक मागासलेपणा म्हणणं मला पटत नाही; यंत्रांची रचना करारातून आली होती.

रंगराजन यांच्याच दुसऱ्या समितीने 1989मध्ये पुढचं पाऊल सुचवलं, 1993च्या कराराने वाट मोकळी केली. तोवर नव्या खासगी बँकांना दारं उघडली होती. एचडीएफसी बँकेसारख्यांना जुनी लेजर उतरवून घ्यायचीच नव्हती. सरकारी बँकांना खरा रेटा दिला तो, गंमत म्हणजे, केंद्रीय दक्षता आयोगाने, म्हणजे सरकारी भ्रष्टाचारावर नजर ठेवणाऱ्या संस्थेने: 1 जानेवारी 2001पूर्वी 70 टक्के व्यवसाय संगणकावर आणा! पुढे कोअर बँकिंग, म्हणजे सगळ्या शाखा एकाच यंत्रणेला जोडणं, पसरलं; एका बँकेतून दुसरीत पैसे पाठवण्यासाठी मार्च 2004मध्ये आरटीजीएस, नोव्हेंबर 2005मध्ये एनईएफटी सुरू झालं.

नागरी सहकारी बँका या प्रवासात मागून आल्या. महाराष्ट्रात त्यांचं जाळं सर्वांत दाट. ऑगस्ट 2018मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला होऊन सुमारे 94 कोटी रुपये गेले. सप्टेंबर 2020मध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी 2023पर्यंतचा सायबर सुरक्षा आराखडा काढला. त्यातला पहिलाच मुद्दा संचालक मंडळाच्या देखरेखीचा आहे.