चमच्यातली हळद, कॅप्सूलमधली हळद

सांगलीत बसून हळदीविरुद्ध बोलायचं म्हणजे धाडसच. मार्केट यार्डातला सौदा, हरिपूरची पेवं, 2018 साली मिळालेलं भौगोलिक मानांकन. या गावाचा संसारच हळदीवर उभा. पण माझी तक्रार त्या हळदीबद्दल नाही. तक्रार आहे सांधेदुखीसाठी कुणीतरी सुचवलेल्या, 'शंभर टक्के नैसर्गिक' अशा चिठ्ठीच्या कॅप्सूलबद्दल.

हिशेब करून बघा. हळदीत कर्क्युमिन, म्हणजे तिला पिवळा रंग देणारा घटक, असतो साधारण 3 टक्के. घरभराच्या आमटीत चमचाभर, म्हणजे 3 ग्रॅम हळद पडली, तर कर्क्युमिन 90 मिलिग्रॅम, आणि तेही चौघांत वाटून. बाजारातल्या एका कॅप्सूलमध्ये बऱ्याचदा 95 टक्के शुद्धतेचा 500 मिलिग्रॅम अर्क असतो. म्हणजे एका घोटात पाच चमच्यांहून जास्त हळद! आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने ठरवलेली कर्क्युमिनची रोजची मर्यादा शरीराच्या वजनाच्या किलोमागे 3 मिलिग्रॅम आहे. 60 किलोच्या माणसाला 180.

कर्क्युमिन एरवी अंगी लागतच नाही. आतडं आणि यकृत त्याला लगेच दुसऱ्या रेणूची जोड देऊन बाहेरचा रस्ता दाखवतात. म्हणून अनेक कंपन्या त्यात मिऱ्यातलं पायपरिन घालतात. ते ही जोडणीच रोखतं. 1998 साली बंगळुरूच्या संशोधकांनी 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत 20 मिलिग्रॅम पायपरिन दिलं, तेव्हा रक्तात पोचणारं कर्क्युमिन सुमारे 20 पट झालं. जाहिरातीत हा आकडा मिरवतात. पण शरीराची हीच झाडलोट यंत्रणा इतर औषधंही बाहेर काढते, हे कुणी छापत नाही. फिट्सवरच्या फेनिटोइनची रक्तातली पातळी पायपरिनने वाढते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जास्तच जपावं.

यकृताचं प्रकरण आणखी चमत्कारिक. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2022 साली हळदीच्या पूरकांमुळे यकृत बिघडलेले 10 रुग्ण नोंदवले. पाच जणांना दवाखान्यात ठेवावं लागलं, एक दगावला. दहापैकी सात जणांत एचएलए-बी 35:01 हा एकच जनुकप्रकार सापडला. म्हणजे त्याच डबीने शेजाऱ्याला काही होत नाही आणि तुम्हाला कावीळ होते. पायपरिन सगळ्यांच्या डबीत नव्हतं, त्यामुळे सगळं खापर मिऱ्यावर फोडता येत नाही.

'पी हळद आणि हो गोरी' म्हणतात तशी घाई इथे उलटी फिरते. त्रास बहुधा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दिसतो. भूक जाते, लघवी गडद होते, डोळे पिवळे पडतात. डॉक्टर विचारतात, "कुठलं औषध चालू आहे?" आणि पेशंट अगदी खरेपणाने सांगतो, "काही नाही हो, नुसती हळद." ती डबी पिशवीत टाकून सोबत न्यावी. कॅप्सूल थांबवली की बहुतेकांचं यकृत सावरतं, आमटीतली हळद मात्र कुणी थांबवायला सांगत नाही.