सांडपाणी शुद्धीकरणातून होणारं हरितगृह वायूंचं उत्सर्जन (नाशिक)

सांडपाणी साफ करताना तीन वायू हवेत जातात, मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड, आणि तिन्ही वातावरण तापवतात. नाशिकमध्ये एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, म्हटलं की लोकांना गोदावरीवरचा फेस, पाणवेली आणि तपोवनाकडे गेल्यावर येणारा वास आठवतो, हवामानबदलाचं नाव सहसा निघत नाही, कारण हवेत मिसळलेल्या मिथेनला आणि नायट्रस ऑक्साइडला ना रंग ना वास. तो सडक्या अंड्यांसारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. पण वास आला म्हणजे तिथला ऑक्सिजन संपलाय, आणि ऑक्सिजन संपला की मिथेन तयार व्हायला वाव मिळतो, म्हणून नाकाला जे कळतं ते अगदीच निरुपयोगी नाही.

मिथेन 100 वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 28 पट तापवतो, 20 वर्षांचाच हिशोब धरला तर 80 पटीहून जास्त. नायट्रस ऑक्साइड तर 270 पटीच्या घरात आहे आणि तो हवेत शंभरेक वर्षं टिकतो. मैला कुजून निघणारा कार्बन डायऑक्साइड मात्र मोजत नाहीत, कारण तो अन्नातला कार्बन, म्हणजे पिकांनी हवेतूनच घेतलेला. पंप आणि ब्लोअर (पाण्यात हवा फुंकणारी यंत्रं) चालवायला जी कोळशाची वीज लागते तिचा धूर मोजावाच लागतो.

नाशिकची गोष्ट वेगळी आहे कारण इथली तपोवन, आगरटाकळी यांसारखी मोठी केंद्रं यूएएसबी पद्धतीची, म्हणजे हवा न देता गाळाच्या थरातून पाणी वर चढवणारी. तपोवनची क्षमता 130 एमएलडी, म्हणजे रोज 13 कोटी लिटर. ही पद्धत 1970 च्या दशकात नेदरलँड्समध्ये लेटिंगा या संशोधकांनी विकसित केली. पाणी टाकीच्या तळातून आत येतं आणि गाळाच्या जाड थरातून हळूहळू वर चढतं, त्या गाळातले जीवाणू हवेशिवाय घाण खातात आणि गॅस सोडतात, तो वरच्या घुमटात गोळा करायचा. हवा फुंकायची नाही म्हणून वीज फार कमी, आणि आपल्या उबदार हवेत टाकी तापवायचीही गरज नाही. कागदावर हे उत्तमच आहे आणि गॅस नीट पकडून इंजिनात किंवा निदान फ्लेअरवर, म्हणजे उघड्या ज्योतीवर, जाळला तर खरोखरच उत्तम, कारण जळलेला मिथेन शेवटी कार्बन डायऑक्साइड होतो. पण घुमटाला भेग असेल, इंजिन बंद पडलं असेल आणि गॅस तसाच सोडला जात असेल तर तेच केंद्र पाणी साफ करता करता आकाश तापवत राहतं.

त्यात अजून एक गोष्ट आहे जिच्याकडे फार कमी लक्ष जातं. तयार झालेला सगळा मिथेन वर येत नाही, बराचसा, कधी कधी तिसऱ्या हिश्शाहून जास्त, पाण्यातच विरघळून बाहेर पडतो आणि पुढे जिथे पाणी चेंबरमध्ये धबधब्यासारखं पडतं तिथे हवेत निघून जातो. गार पाण्यात गॅस जास्त विरघळतो, आणि निफाड-नाशिककडच्या कडाक्याच्या थंडीत मिथेनवाले जीवाणूही सुस्तावतात. म्हणून घुमटातला गॅस मोजून उत्सर्जन कळलं असं मानणं चूकच.

मग हवा फुंकणारी पद्धत घ्या असं कोणी म्हणेल, आणि दिशा तीच आहे, कारण 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी (घाण कुजायला लागणारा ऑक्सिजन, म्हणजे घाणीचं माप) लिटरमागे 10 मिलिग्रॅमवर आणायला सांगितलं, नुसत्या यूएएसबीला ते जमत नाही. हवा दिली की मिथेन कमी होतो पण वीज वाढते, अशा केंद्रातली साधारण निम्मी वीज एकट्या ब्लोअरला लागते. शिवाय अमोनियाचं नायट्रेट होताना हवा कमी पडली तर मधलं नायट्राइट साचतं आणि नायट्रस ऑक्साइड निसटतो. हवा जास्तही नको कमीही नको, हे ऑपरेटरला मीटर बघून सांभाळावं लागतं, अंदाजाने होत नाही.

ड्रेनेज न पोचलेल्या वस्त्यांचं गणित तर घरबसल्या मांडता येतं. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या तक्त्यात भारतातल्या माणसामागे रोज 34 ग्रॅम बीओडी धरलाय, म्हणजे वर्षाला सुमारे 12.4 किलो. किलोमागे जास्तीत जास्त 0.6 किलो मिथेन, सेप्टिक टँकमध्ये त्यातला निम्मा, म्हणजे माणशी वर्षाला 3.7 किलो मिथेन, 28 ने गुणलं की शंभर किलोच्या वर कार्बन डायऑक्साइडइतका. पाच जणांचं घर असेल तर अर्धा टन! नाशिकने या बाबतीत एक चांगलं काम केलंय, जर्मन मदतीने 2017 मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात शौचालयांचा मैला आणि हॉटेलांचं उरलेलं अन्न एकत्र कुजवून वीज करतात, म्हणजे तोच मिथेन पण पकडलेला.

शुद्धीकरणच नको हा पर्याय नाही. नंदिनी किंवा वाघाडी नदीत सोडलेलं कच्चं सांडपाणीही कुजतंच, पुढे पाणी संथ झालं की पाणवेली माजतात, त्या मरून तळाशी बसतात आणि पुन्हा मिथेन. नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयातही पाणवेली आहेत, आणि ते रामसार स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे.

2027 च्या सिंहस्थात साधुग्राम, म्हणजे साधूंची तात्पुरती वसाहत, तपोवनातच असेल आणि गर्दीचा भार अचानक येईल. यूएएसबीचा गाळ तयार व्हायला महिने लागतात, तो ऐनवेळी वाढवता येत नाही, त्यामुळे फिरत्या शौचालयांचा मैला कुठे न्यायचा आणि त्याचा गॅस कुठे पकडायचा हे आधीच्या पावसाळ्यातच ठरलेलं असायला हवं.