अभिप्रायार्थ प्रतीचा मागचा प्रवास

20 जानेवारी 2023 रोजी केंद्र सरकारने समाजमाध्यमांवरून वस्तूंची शिफारस करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. पैसे, भेटवस्तू, मोफत माल, सवलत, प्रवासखर्च असं काहीही मिळालं असेल, तर ते बघणाऱ्याला स्पष्ट सांगितलं पाहिजे, आणि शिफारस ज्या भाषेत केली त्याच भाषेत सांगितलं पाहिजे, असं त्यांत म्हटलं आहे. बोलबाला झाला तो क्रीम-पावडर, मोबाइल आणि हॉटेलांबद्दल. पुस्तकांकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. वास्तविक मराठीत नव्या कथा-कादंबऱ्यांवर नियमित लिहिणाऱ्या कितीतरी वाचकांकडे आज प्रकाशकांची आणि लेखकांची पाकिटं येतात. आत पुस्तक असतं, सोबत ‘वाचून चार ओळी लिहा’ अशी चिठ्ठी असते. हीच अभिप्रायार्थ प्रत. हे पुस्तक म्हणजे भेट, मेहनताना की नुसतं कामाचं साहित्य, हा प्रश्न इन्स्टाग्रामने आणलेला नाही. तो मराठी परीक्षणाच्या पायातच आहे.

लांबचा काळ थोडक्यात सांगतो. 1867 साली दोन गोष्टी घडल्या. त्या वर्षीच्या पंचविसाव्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारजमा करणं बंधनकारक झालं आणि त्यांवरून इलाख्याच्या, म्हणजे त्या वेळच्या ब्रिटिश प्रांताच्या, तिमाही सूच्या निघू लागल्या. त्याच वर्षी ‘विविधज्ञानविस्तार’ हे मासिक सुरू झालं आणि नव्या मराठी पुस्तकांचं परीक्षण हे त्याचं एक मुख्य काम ठरलं. म्हणजे एक प्रत सरकारच्या नजरेखाली जाणार, दुसरी संपादकाच्या. 1874पासून सात वर्षं पुण्यातून निघालेल्या ‘निबंधमाले’ने परीक्षणाला धार आणली; ती धार कधीकधी माणसांवरच चालली, हेही नोंदवायला हवं. पुढे ठाण्यात 1893 साली आणि मुंबईत 1898 साली मोठी मराठी ग्रंथसंग्रहालयं उभी राहिली, 1909 साली पहिला दिवाळी अंक आला, आणि वाचकाच्या वर्षाला एक आकार मिळाला. दिवाळीत अंक, त्यातली कादंबरी पुढच्या वर्षी पुस्तकरूपात, आणि मग वाचनालयात तिच्यासाठी नंबर लावणं. आज आपण ज्याला वाचनाचं नियोजन म्हणतो त्याचं हे जुनं रूप.

हे सगळं ज्या काळात पक्कं झालं तो साठचं दशक. 1962 साली निव्वळ समीक्षेला वाहिलेलं ‘आलोचना’ मासिक निघालं. जानेवारी 1964मध्ये गिरगावातल्या एका पुस्तकविक्रेत्या-प्रकाशकाने ‘ललित’ सुरू केलं. ‘आलोचना’ अभ्यासकांचं होतं. ‘ललित’ने थेट वाचकाचा हात धरला. कोणतं पुस्तक छपाईत आहे, कोणता लेखक काय लिहितो आहे, कोणी कोणाची खोडी काढली, हे सगळं त्यात यायचं. टोपणनावाने चालणारं एक सदर तर बड्या साहित्यिकांच्या टोप्या उडवण्याबद्दलच प्रसिद्ध होतं. नागपूरच्या किंवा बेळगावच्या वाचकाला मुंबई-पुण्यात काय शिजतंय हे पहिल्यांदा दरमहा कळू लागलं. नव्या पुस्तकांबद्दल आस्थेने, गप्पांच्या सुरात लिहिण्याची जी रीत आज सगळीकडे दिसते, ती मराठीत इथून रुळली असं माझं मत आहे.

पण पुस्तक विकणाराच पुस्तकांबद्दलचं मासिक चालवणार, हा निर्णय साधा नव्हता. त्याचा फायदा सरळ होता. निव्वळ समीक्षेच्या मासिकाला जाहिरातही कमी आणि वर्गणीदारही कमी, त्यामुळे ते कायम तोट्याच्या कडेवर. विक्रेत्याच्या मासिकाला मागे दुकान असतं. तोटाही तितकाच उघड होता. ज्याला पुस्तक खपवायचं आहे, त्याच्या पानावर पुस्तक पडलं असं कोण छापणार? पुढे इतर प्रकाशकांनीही आपापल्या गृहपत्रिका, म्हणजे घरची नियतकालिकं, काढल्या आणि त्यांतल्या अनेकींमध्ये परीक्षणाची जागा परिचयाने घेतली. परीक्षणात पुस्तक तोललं जातं, परिचयात ते ओळख करून दिलं जातं. वाचकाला दोन्ही हवं असतं. मात्र एकाच्या नावाखाली दुसरं दिलं, की वाचकाची फसगत होते. ‘ललित’पुरतं बोलायचं तर त्याने इतर प्रकाशकांच्या पुस्तकांनाही जागा दिली आणि टिंगलीलाही दिली. त्यामुळेच त्याच्यावर वाचकांचा विश्वास बसला. ही उदारता त्या माणसांची होती, व्यवस्थेची नव्हती, आणि म्हणून सगळ्या गृहपत्रिकांमध्ये ती उतरली नाही.

1969 साली मुंबईत तरुण लेखकांनी ‘सत्यकथा’ या वजनदार वाङ्मयीन मासिकाच्या अंकाची जाहीर होळी केली. त्याचा अर्थ साधारणपणे लघुनियतकालिकांच्या, म्हणजे लेखकांनी स्वतःच काढलेल्या छोट्या अंकांच्या, बंडापुरता लावला जातो. परीक्षणाच्या अंगाने पाहिलं तर त्यात आणखी एक गोष्ट होती. चांगलं काय हे ठरवणारी जागा एकाच गल्लीत असावी, हे त्यांना मान्य नव्हतं. चक्रमुद्रित (सायक्लोस्टाइल केलेल्या) अंकांमधून त्यांनी एकमेकांच्या पुस्तकांवर लिहिलं, आणि ते लिहिणं पाहुणचाराचं नव्हतं. ‘सत्यकथा’ 1982 साली बंद पडली. लघुनियतकालिकं त्याआधीच थकली होती.

याच्या मधोमध, 1974च्या डिसेंबरात, मुंबईत एक वाचक चळवळ उभी राहिली. वाचकांनीच सभासद व्हायचं, पुस्तकं सवलतीत घ्यायची आणि त्या जोरावर नव्या लेखकांना छापायचं अशी तिची कल्पना होती. दलित आणि भटक्या समाजांतल्या लेखकांची आत्मकथनं सत्तरीच्या अखेरीस मध्यमवर्गीय घरांत पोचली, त्यात या सभासद-वाचकांचा वाटा मोठा आहे. या पुस्तकांवर लिहायला तयार समीक्षकी चौकट अपुरी पडली आणि वाचकांच्या पत्रांनी, गावोगावच्या चर्चांनी ती उणीव भरून काढली. माझ्या दृष्टीने मराठीतला ‘वाचक-परीक्षक’ इथे जन्मला. तो सभासद होता, म्हणजे त्याने पुस्तकाचे पैसे मोजलेले होते. हा तपशील पुढच्या वादात महत्त्वाचा आहे.

आता प्रतींकडे वळतो, कारण सगळा गुंता तिथे आहे. नियतकालिकांनी वर्षानुवर्षं छापलेली सूचना अशी असे: परीक्षणासाठी पुस्तकाच्या दोन प्रती पाठवाव्यात. एक कार्यालयात राहायची, दुसरी परीक्षकाकडे जायची आणि त्याचीच व्हायची. मानधन मिळालंच तर नाममात्र, बहुतेकदा पुस्तक हेच मानधन. पुस्तक आल्यावर आधी ‘साभार पोच’ या सदरात त्याची नोंद यायची: पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठसंख्या, किंमत. परीक्षण येईल तेव्हा येईल. बऱ्याच पुस्तकांच्या वाट्याला पोचेपलीकडे काहीच आलं नाही. तरीही ही रुक्ष यादी मला फार मोलाची वाटते. नियतकालिकाला कोणती पुस्तकं फुकट मिळाली, ते त्यात सरळ छापलेलं असे, तेही कोणत्याही कायद्याने न सांगता. लहान गावातल्या वाचनालयाचा कार्यवाह याच यादीवर खुणा करून खरेदी ठरवू शकत होता. कित्येक वाचकांची ‘यंदा वाचायच्या’ पुस्तकांची यादीही याच रकान्यांतून तयार व्हायची.

वाचनालयांचा मुद्दा आला म्हणून सांगतो. 1967चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आल्यावर अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार वाचनालयांना अनुदान मिळू लागलं आणि शासनमान्य ग्रंथांच्या याद्या निघू लागल्या; वाचनालयांची बरीचशी खरेदी त्यांवरून होऊ लागली. प्रकाशकाच्या हिशेबात ही यादी जड झाली. हजार प्रतींची पहिली आवृत्ती काढणाऱ्याला वर्तमानपत्रातल्या कठोर परीक्षणाने फारसं बिघडत नव्हतं, यादीत नाव न आल्याने बिघडत होतं. परीक्षणाचं वजन उतरायला रविवारच्या पुरवण्यांची आटलेली जागा जितकी कारणीभूत आहे, तितकीच ही खरेदीही आहे. यावर आपल्याकडे पुरेसं लिहिलं गेलेलं नाही.

मोफत प्रतीबद्दलचा वाद उघडपणे पेटला तो अमेरिकेत. ऑक्टोबर 2009मध्ये तिथल्या व्यापार नियामकाने सुधारित सूचना काढल्या आणि 1 डिसेंबरपासून त्या लागू झाल्या. ब्लॉगवर लिहिणाऱ्याला वस्तू फुकट मिळाली असेल तर त्याने ते सांगावं, असा त्यांचा आशय होता. पुस्तकांवर लिहिणारे खवळले. छापील वर्तमानपत्रांच्या परीक्षकांनाही पुस्तकं फुकटच मिळतात, मग त्यांना वेगळा न्याय का, असा त्यांचा प्रश्न होता. नियामकाच्या बाजूने युक्तिवाद आला तो असा की वर्तमानपत्रात पुस्तक संस्थेकडे येतं आणि संस्था ते परीक्षकाला देते. ब्लॉगरकडे ते थेट येतं आणि त्याच्याच घरात राहतं. पुस्तक ठेवून घेतलं तर तो मोबदला.

हा युक्तिवाद मराठीला लावून पाहिला की तो टिकत नाही. आपल्याकडे संस्थेच्या मार्फत आलेली दुसरी प्रतही परीक्षकाच्याच कपाटात राहत आली. त्या निकषावर आपली शंभर वर्षांची छापील परीक्षणंही मोबदला घेऊन लिहिलेली ठरतील, आणि ते मला मान्य नाही. फरक प्रत कोणाच्या घरी राहिली यात नाही. परीक्षक कोणी निवडला, यात आहे. संपादकाने पुस्तक कोणाला द्यायचं हे ठरवलं, तर लेखक आणि परीक्षक यांच्यामध्ये एक माणूस उभा असतो, आणि वाईट लिहिल्याचा रोष तो स्वतःवर घेतो. लेखकाने थेट पुस्तक पाठवलं की ती भिंत जाते. दुसऱ्या दिवशी ‘पोचलं का?’, आठवड्याने ‘कुठवर आलात?’, आणि मग नाही आवडलं हे लिहायचं कसं? मराठी लेखन-वाचनाचं जग लहान आहे; ज्याची कादंबरी आपण पाडू, तो पुढच्या महिन्यात एखाद्या कार्यक्रमात शेजारच्या खुर्चीवर असतो. त्यामुळे बहुतेक जण न आवडलेल्या पुस्तकाबद्दल गप्प राहतात. मौनाचं हे परीक्षण वाचकापर्यंत कधीच पोचत नाही.

मराठी वाचक इंटरनेटवर लवकर आला. परदेशातल्या मराठी माणसांनी 1996 साली सुरू केलेल्या संकेतस्थळावर आणि 2004नंतर निघालेल्या इतर मराठी संकेतस्थळांवर पुस्तकांबद्दल लांबलचक, वाद घालणारं, बहुतांशी टोपणनावाने लिहिलेलं लिखाण जमा झालं. प्रकाशक तेव्हा तिकडे फिरकत नव्हते, म्हणून पाकिटंही येत नव्हती. त्या काळातलं काही लिखाण मला छापील परीक्षणांच्या तोडीचं वाटतं, आणि ते विकत घेतलेल्या किंवा वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांवरचं आहे, हा योगायोग नसावा. दरम्यान 2007 साली अमेरिकेत वाचकांनी पुस्तकांना तारे देण्याचं एक मोठं ठिकाण सुरू झालं. वर्षाला किती पुस्तकं वाचणार याचा आकडा जाहीर करण्याची सवय त्यानेच जगभर पसरवली. 2013मध्ये ते जगातल्या सर्वांत मोठ्या ऑनलाइन विक्रेत्याने विकत घेतलं. विक्रेत्याच्या घरात परीक्षण, ही 1964ची मराठी गोष्ट पुन्हा, पण त्या मासिकाला एक संपादक होता आणि इथे ताऱ्यांची सरासरी आहे. मराठी कादंबऱ्यांना तिथे मतं इतकी कमी पडतात की लेखकाच्या आठ-दहा मित्रांनी सरासरी पालटू शकते.

फेसबुकवरच्या वाचकगटांनी आणि नंतर टाळेबंदीच्या काळात इन्स्टाग्रामने हे लिखाण आखूड केलं, पण पसरवलंही. 2020पासून नव्या कथासंग्रहाची बातमी तालुक्याच्या गावातल्या विशीतल्या वाचकाला त्याच दिवशी कळते, हे लहान यश नाही. मागोमाग नियम आले. मे 2021मध्ये जाहिरात क्षेत्राच्या स्वनियंत्रण संस्थेने ते काढले, आणि 2023च्या जानेवारीत सरकारने. त्याआधी 25 नोव्हेंबर 2022पासून ऑनलाइन ग्राहक-अभिप्रायांसाठी ‘आयएस 19000:2022’ हे मानकही लागू झालं. ते ऐच्छिक म्हणून आलं आणि विक्रेत्याने पैसे देऊन लिहून घेतलेल्या अभिप्रायांना त्यात जागा नाही. पुस्तक-परीक्षण ग्राहक-अभिप्राय मानायचं का, यावर मराठीत दोन तट आहेत. कादंबरी ही मिक्सरसारखी वस्तू नाही, हे ‘मानू नये’ म्हणणाऱ्या तटाचं म्हणणं मला पटतं. पण म्हणून प्रत कुठून आली हे लपवायचा हक्क मिळतो, हे पटत नाही.

1867चा तो कायदाही आता उरला नाही. 1 मार्च 2024पासून त्याची जागा नियतकालिकांपुरत्या नव्या कायद्याने घेतली आणि त्यात पुस्तकांच्या नोंदणीचं कलम नाही. चार ठरावीक ग्रंथालयांना प्रत देण्याचं 1954च्या कायद्याचं बंधन तेवढं कायम आहे. छापील ‘साभार पोच’ बहुतेक ठिकाणी गेली आहे. त्यामुळे यंदा मराठीत कोणत्या नव्या कादंबऱ्या आल्या, हे पाहायला वाचकाकडे विक्रेत्यांच्या साइट आणि इतर वाचकांच्या याद्या एवढंच राहतं. गेल्या दोन-तीन वर्षांत काही जण आपल्या टिपणाखाली ‘प्रत विकत घेतली’, ‘वाचनालयाची’ किंवा ‘प्रकाशकाकडून आली’ अशी एक ओळ लिहू लागले आहेत. प्रकाशकांपैकी काहींना ती ओळ खटकते. पाकीट पाठवण्याआधी ते आता विचारून घेतात.